कॉक्लियर इम्प्लांट असलेल्यांचा कर्णनाद : तपासावा कसा, आवरावा कसा

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसवले जाणारे आणि श्रवणचेतेला विजेचे संदेश देणारे यंत्र, बसवलेल्या माणसाने कानात आवाज येत असल्याची तक्रार केली, तर सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा : प्रोसेसर, म्हणजे या यंत्राचा बाहेरून लावायचा भाग, काढल्यावर त्या आवाजाचे काय होते? तो वाढतो, तसाच राहतो, की कॉइल, म्हणजे प्रोसेसरची चुंबकाने डोक्यावर चिकटणारी चकती, सुटताच थांबतो? पुढची तपासणी आणि उपचार बरेचसे या उत्तरावर ठरतात. तरीही नियमित तपासणीत हा प्रश्न वारंवार राहून जातो, कारण तिथे सारे लक्ष शब्द किती ओळखता येतात याकडे असते आणि रुग्ण समोर बसतो तो प्रोसेसर लावूनच. त्याचा खरा त्रास मात्र घरी, रात्री, प्रोसेसर डबीत ठेवल्यानंतर सुरू होत असतो. हे मार्गदर्शन इम्प्लांट वापरणारी प्रौढ माणसे, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांच्याबरोबर काम करणारे श्रवणतज्ज्ञ या तिघांसाठी आहे. मुलांविषयीचा भाग शेवटाकडे स्वतंत्रपणे दिला आहे.

कर्णनाद, म्हणजे वैद्यकीय बोलण्यातला टिनिटस, हा बाहेर कोणताही ध्वनी नसताना ऐकू येणारा आवाज होय. कोणी त्याला शिट्टी म्हणतो, कोणी रातकिडे, कोणाला पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येते, तर कोणाला कुकरमधून सुटणाऱ्या वाफेचा फुसफुसाट. इम्प्लांटसाठी येणाऱ्या प्रौढांमध्ये ही तक्रार इतकी सर्रास आढळते, की बहुतेक अभ्यासांत दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक जणांना ती शस्त्रक्रियेआधीपासून असते. अंतर्कर्णातील केशपेशी निकामी झाल्या की श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात आणि त्या वाढीबरोबर चेतापेशींची आपसूक चालणारी हालचालही आवाज म्हणून जाणवू लागते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. इम्प्लांटचे इलेक्ट्रोड श्रवणचेतेला विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी पुन्हा संदेश पुरवू लागले, की बहुसंख्य लोकांचा कर्णनाद कमी होतो, काहींचा तर पूर्णपणे थांबतो. ज्या कानात इम्प्लांट नाही, त्या कानातला आवाजही पुष्कळदा उतरतो. थोड्या लोकांत मात्र तो जसाच्या तसा राहतो, आणि त्याहून थोड्या लोकांत तो वाढतो किंवा शस्त्रक्रियेनंतर नव्याने सुरू होतो. ही शेवटची शक्यता शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, कारण आधी कल्पना नसलेल्या माणसाला तोच आवाज कितीतरी अधिक भयावह वाटतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद

शस्त्रक्रियेच्या आधी कर्णनादाची लेखी नोंद झालेली नसेल, तर नंतर तो वाढला की घटला हे केवळ आठवणीवर ठरवावे लागते, आणि या बाबतीत आठवण फार फसवी असते. म्हणून इम्प्लांटचा निर्णय झाला की आवाज कोणत्या कानात आहे की डोक्याच्या मध्यभागी, तो सतत येतो की अधूनमधून, किती वर्षांपासून आहे, श्रवणयंत्र लावल्यावर बदलतो का आणि झोपेवर त्याचा काय परिणाम होतो, या गोष्टी एका कागदावर लिहून तो कागद फाइलमध्ये ठेवावा. शस्त्रक्रिया आणि प्रोसेसर प्रथम चालू करण्याचा दिवस, म्हणजे स्विच-ऑन, यांच्यामध्ये साधारण 3 ते 4 आठवडे जातात. या काळात उरलेसुरले नैसर्गिक श्रवणही मंदावलेले असू शकते आणि इम्प्लांट अजून मुके असते, त्यामुळे अनेकांचा आवाज तात्पुरता वाढतो. ही वाढ म्हणजे शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे, हे रुग्णाला घरी जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

चार प्रसंग, दोन आकडे

मोजमापाची सर्वांत उपयोगी पद्धत अगदी साधी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. 0 ते 10 अशी पट्टी घ्यावी आणि तिच्यावर दोन वेगवेगळे आकडे मागावेत. आवाज किती मोठा वाटतो हा पहिला, आणि तो किती छळतो हा दुसरा. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. 8 इतक्या मोठ्या आवाजाबरोबर शांतपणे जगणारी माणसे असतात आणि 3 च्या आवाजाने झोप उडालेलीही असतात. उपचाराची दिशा ठरवताना मी दुसऱ्या आकड्याला अधिक महत्त्व देतो.

हे दोन्ही आकडे चार प्रसंगांसाठी स्वतंत्रपणे घ्यावेत : शांत खोलीत प्रोसेसर लावून, कोणी समोर बसून बोलत असताना प्रोसेसर लावून, प्रोसेसर काढल्यानंतर लगेच, आणि काढल्यावर 15 मिनिटांनी. शेवटच्या दोन नोंदींमधून आवाज परत यायला किती वेळ लागतो ते कळते. काहींना तो काही सेकंदांतच परत येतो, तर काहींना प्रोसेसर काढल्यावर तास दोन तास निवांत मिळतात. ज्यांना असा उसंतीचा काळ मिळतो, त्यांच्या झोपेचे नियोजन पुष्कळ सोपे होते.

दवाखान्यात ही नोंद घेताना एक व्यावहारिक अडचण येते, ती आधीच ध्यानात ठेवावी. प्रोसेसर काढल्यावर रुग्णाला प्रश्नच ऐकू येत नाहीत. त्यामुळे प्रश्न ठळक देवनागरीत लिहिलेले कागद आणि 0 ते 10 ची पट्टी आधीच तयार ठेवावी, खुणा ठरवून घ्याव्यात आणि मगच प्रोसेसर काढायला सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रिकाम्या हंड्यापासून काठोकाठ भरलेल्या हंड्यापर्यंतची चित्रे वापरावीत. घरी हीच नोंद सलग दोन आठवडे ठेवली, तर दवाखान्यातल्या एका दिवसापेक्षा ती कितीतरी अधिक सांगून जाते. तिच्याबरोबर त्या दिवशी प्रोसेसर किती तास लावला, झोप कशी झाली आणि विशेष ताण किंवा आजारपण होते का, एवढे तीन मुद्दे लिहिले म्हणजे पुरे.

सर्वसामान्य कर्णनादाच्या तपासणीत हेडफोनमधून निरनिराळे सूर ऐकवून रुग्णाच्या आवाजाची पट्टी आणि मोठेपणा जुळवला जातो. इम्प्लांटच्या बाबतीत या कसरतीवर फार वेळ खर्च करू नये, असे माझे मत आहे. प्रोसेसरमधून गेलेला सूर ठरावीक इलेक्ट्रोडवरच्या स्पंदांत बदलतो, म्हणून जुळवलेल्या आकड्याला नेहमीचा अर्थ उरत नाही. दुसऱ्या कानात पुरेसे ऐकू येत असेल, तर त्या कानात सूर जुळवून पाहता येतो, पण त्या आकड्यामुळे उपचार बदलल्याचे क्वचितच दिसते.

प्रश्नावली वापरताना

सर्वाधिक प्रचलित प्रश्नावली म्हणजे 1996 साली प्रसिद्ध झालेली ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’. तिच्यात 25 प्रश्न असून ‘होय’ला 4, ‘कधीकधी’ला 2 आणि ‘नाही’ला 0 गुण मिळतात, म्हणजे एकूण गुण 0 ते 100 मध्ये येतात. 16 पर्यंतचे गुण नगण्य त्रास दाखवतात, 18 ते 36 सौम्य, 38 ते 56 मध्यम, 58 ते 76 तीव्र, तर 78 आणि त्यापुढचे गुण अत्यंत गंभीर त्रास दाखवतात. 2012 साली आलेली ‘टिनिटस फंक्शनल इंडेक्स’ उपचारांनी पडणारा फरक टिपण्यासाठी बनवली आहे. तिच्यातही 25 प्रश्न आहेत आणि एकूण 13 गुणांची घट झाली, तर ती अर्थपूर्ण मानली जाते.

या दोन्ही प्रश्नावल्या ज्यांना बऱ्यापैकी ऐकू येते अशा लोकांना समोर ठेवून रचलेल्या आहेत. आवाजामुळे लोकांचे बोलणे ऐकायला अडचण येते का, असा प्रश्न त्यात असतो. इम्प्लांट असलेला माणूस त्याला सरळ ‘होय’ म्हणतो, पण ती अडचण बहिरेपणाची असते, कर्णनादाची नसते. दिवसभर ओठ आणि शब्द जुळवत बसल्याने येणारा थकवाही असाच कर्णनादाच्या खात्यात जमा होतो. म्हणून प्रश्नावली देण्यापूर्वी ‘आपल्याला कमी ऐकू येते ते क्षणभर बाजूला ठेवा, केवळ त्या आवाजामुळे काय होते तेवढेच सांगा’ हे वाक्य प्रत्येक वेळी त्याच शब्दांत सांगावे आणि ऐकण्याशी निगडित प्रश्नांचे गुण वेगळे लिहून ठेवावेत. प्रश्न तोंडी मराठीत समजावून सांगायचे असतील, तर पहिल्या वेळी वापरलेली शब्दरचना पुढील वेळीही तीच ठेवावी, नाहीतर दोन वेळच्या गुणांची तुलना निरर्थक ठरते.

मनाच्या अवस्थेची चौकशी याच भेटीत करावी. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-9’ ही नऊ प्रश्नांची यादी पाच मिनिटांत भरून होते. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे आणि तो संकोचाने गाळू नये. उत्तर होकारार्थी आले, तर कर्णनादाचे बाकीचे काम थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून द्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. इम्प्लांट असलेल्या माणसाला फोनवरचे बोलणे समजेलच असे नाही, म्हणून तो घरच्यांनी लावावा आणि माणसाला एकटे सोडू नये.

काही जणांना शिट्टीऐवजी चक्क गाणे, आरती किंवा हार्मोनियमचे सूर ऐकू येतात आणि लोक वेडे ठरवतील या भीतीने ते वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत. तीव्र बहिरेपणात मेंदू स्मृतीतले संगीत असे ऐकवू शकतो, आणि एवढ्यावरून मानसिक आजार आहे असे ठरत नाही. हे आपणहून विचारावे, कारण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ऐकू येणारा आवाज आज्ञा देत असेल, धमकावत असेल किंवा आपल्याविषयी चर्चा करत असेल, तर मात्र प्रश्न वेगळा आहे आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यायलाच हवा.

आवाज यंत्राचा की आपला

इथे सुरुवातीचा प्रश्न पुन्हा कामाला येतो. शांत खोलीत प्रोसेसर लावून बसावे, आवाज येऊ लागला की कॉइल काढावी आणि काय होते ते पाहावे. आवाज त्या क्षणी थांबला, तर तो बहुतेक यंत्रातून येत असतो. तो कायम राहिला किंवा वाढला, तर तो कर्णनाद असतो. तिसराही एक प्रकार आहे, जो दुर्मिळ असला तरी माहीत असावा : प्रोसेसर लावल्यानंतर काही वेळाने आवाज सुरू होतो आणि काढल्यावर हळूहळू ओसरतो. याचा संबंध विजेच्या उद्दीपनाच्या पातळीशी असू शकतो आणि त्याचा उलगडा मॅपिंगच्या वेळी, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या विद्युतपातळ्या त्या माणसासाठी ठरवून प्रोसेसरमध्ये भरताना, करावा लागतो.

यंत्राचा आवाज आहे असे दिसले, तर आधी स्वस्त आणि सोप्या गोष्टी तपासाव्यात. मायक्रोफोनचे आवरण, केबल, कॉइल आणि बॅटरी यांपैकी एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी, आणि दवाखान्यात उपलब्ध असल्यास दुसऱ्या प्रोसेसरवर तोच मॅप घालून पाहावा. मुंबई आणि कोकणात जून ते सप्टेंबर या काळात घाम आणि दमट हवेमुळे मायक्रोफोनमध्ये खरखर सुरू होणे नित्याचे आहे. रोज रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये ठेवणे आणि त्यातील ओलावा शोषणारी वडी वेळच्या वेळी बदलणे एवढ्याने ती अनेकदा थांबते.

साहित्य ठीक असूनही शांततेत सतत गुणगुण येत असेल, तर मॅपमधील टी पातळ्या, म्हणजे जेमतेम जाणवणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या पातळ्या, गरजेपेक्षा वर ठेवल्या गेल्या असण्याची शक्यता असते. श्रवणतज्ज्ञाने मायक्रोफोन बंद करून पाहावे. आत कोणताही ध्वनी जात नसताना गुणगुण चालू राहिली आणि कॉइल काढताच थांबली, तर टी पातळ्या पुन्हा मोजून खाली आणाव्यात. त्यानंतर प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतरोध, मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावा. एखाद्या इलेक्ट्रोडचा जोड तुटलेला किंवा तो दुसऱ्या इलेक्ट्रोडशी जोडला गेलेला आढळला, तर तो बंद करावा. अचानक फटफट आवाज येणे, आवाज मध्येच जाणे, पूर्वी समजणारे शब्द समजेनासे होणे, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, ही आतील यंत्र बिघडत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी इम्प्लांटच्या कंपनीकडून यंत्राची संपूर्ण चाचणी मागवावी आणि इलेक्ट्रोडची जागा पाहण्यासाठी एक्स-रे काढावा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन्ही कान डोळ्यांनी पाहणे यात गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या कानात साचलेला मळ हे वाढलेल्या कर्णनादाचे कारण निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि तो काढायला दहा मिनिटे लागतात. जबडा आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलत असेल, तर जबड्याच्या सांध्याची आणि मानेची तपासणी करून घ्यावी.

काही लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणे ही मेंदूज्वराची लक्षणे असू शकतात, म्हणून अशा वेळी थेट रुग्णालयात जावे. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, एकाएकी सुरू झालेली जोरदार चक्कर, दुसऱ्या कानाचे श्रवण अचानक जाणे, चेहऱ्याचे स्नायू उडणे किंवा लुळे पडणे, आणि मॅग्नेटच्या जागी सूज, लाली किंवा स्राव दिसणे, या तक्रारी डॉक्टरांना लगेच दाखवाव्यात.

मॅपिंगमधून काय साधते

कर्णनाद खराखुरा आहे आणि यंत्र निर्दोष आहे असे ठरल्यानंतरच मॅपिंगमध्ये बदल करावेत. स्विच-ऑन नुकतेच झाले असेल, तर थोडा धीर धरणे हाच बहुतेक वेळा योग्य सल्ला असतो, कारण पहिल्या काही महिन्यांत आवाज आपोआप उतरत जाताना दिसतो. त्यानंतरही त्रास टिकला, तर सहन होईल अशी सर्वांत मोठी पातळी जास्त तर ठेवलेली नाही ना, हे आधी पाहावे. दिवसअखेर आवाज चढतो असे सांगणाऱ्या माणसाचा मॅप पुष्कळदा गरजेपेक्षा मोठा असतो. उद्दीपनाचा वेग बदलणे किंवा संशयित इलेक्ट्रोड तात्पुरते बंद ठेवणे हे पुढचे पर्याय आहेत. यांतील कोणता बदल कोणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवावा, जुना प्रोग्रॅम हाताशी राहू द्यावा आणि दोन आठवड्यांनी नोंदी पाहून निर्णय घ्यावा. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर मराठी शब्दसूचीने शब्द ओळखण्याची चाचणी घ्यावी. कर्णनाद थोडा घटवण्यासाठी बोलणे समजण्याची क्षमता गमावणे, हा सौदा रुग्णाने जाणीवपूर्वक स्वीकारल्याशिवाय करू नये.

दिवसभर लावणे हाच मुख्य उपचार

प्रोसेसर किती तास लावला जातो हे आजकालच्या यंत्रांत आपोआप नोंदले जाते. श्रवणतज्ज्ञाने तो आकडा रुग्णाला दाखवावा, पण झाडाझडती घेण्याच्या सुरात नव्हे. कमी वापरामागची कारणे ऐकून घेतली, तर ती बहुधा आळसाची नसतात. सून-मुलगा कामावर गेल्यावर घरात एकटी राहणारी आजी म्हणते की बोलायला कोणी नाही, मग लावून काय करू. कोणी बॅटरीचा खर्च वाचवण्यासाठी घरात असताना प्रोसेसर काढून ठेवतो, आणि केबल किंवा कॉइल बिघडली तर पैसे कुठून आणायचे ही भीती तर घरोघर असते. या काटकसरीमागची अडचण खरी आहे, पण तिची किंमत कर्णनादाच्या रूपाने मोजावी लागते, कारण प्रोसेसर नसलेले ते सहा-सात तास म्हणजे मेंदूला पुन्हा संदेशांविना ठेवण्याचे तास असतात. रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, जुने सुटे भाग सांभाळून ठेवणे, इम्प्लांट केंद्राकडे दुरुस्तीसाठी मदत देणाऱ्या योजनेची चौकशी करणे, या गोष्टींवर याच भेटीत बोलावे.

एकट्याने बसतानाही प्रोसेसर लावून घरातले साधे आवाज कानी पडू द्यावेत. नळाचे पाणी, फोडणी, रस्त्यावरचा फेरीवाला, पंखा हे आवाज ऐकण्याचा सरावही करून देतात आणि कर्णनादावरचे लक्षही विभागतात. अगदीच शांतता असेल, तर मोबाइलवरून पावसाचा किंवा तंबोऱ्याचा सलग आवाज, प्रोसेसरमध्ये ब्लूटूथची सोय असल्यास, थेट त्यात सोडता येतो. त्याचा मोठेपणा कर्णनाद पूर्ण झाकून टाकण्याइतका नसावा, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले जाणवतील एवढाच असावा. दुसऱ्या कानात थोडेही श्रवण शिल्लक असेल, तर तिथले श्रवणयंत्र ‘आता इम्प्लांट आहे’ म्हणून बंद करू नये. त्या कानाला गणपतीच्या मिरवणुकीतील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांपासून जपावे, कारण ते श्रवण एकदा गेले की परत येत नाही आणि जाताना कर्णनाद मागे ठेवून जाते.

रात्रीचा प्रश्न

कर्णनादाच्या बहुतेक पत्रकांत झोपताना पंखा किंवा मंद संगीत लावून ठेवण्याचा सल्ला असतो. दोन्ही कानांनी बहिऱ्या असलेल्या आणि प्रोसेसर काढून झोपणाऱ्या माणसाला या सल्ल्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण त्याला तो पंखा ऐकूच येत नाही. हाच सल्ला त्याला पुन्हा पुन्हा दिला गेला, तर आपले दुखणे समोरच्याला कळलेलेच नाही असे त्याला वाटते, आणि ते खरेही असते.

त्याच्यासाठी मार्ग वेगळे आहेत. झोपण्याच्या आधीचा तासभर प्रोसेसर लावून सलग, मंद, एकसारखा आवाज ऐकावा आणि डोळे जड झाल्यावरच प्रोसेसर काढावा. टीव्हीच्या गलक्यातून एकदम निःशब्दतेत जाण्यापेक्षा हे अनेकांना सुसह्य होते. आधी मोजून ठेवलेला उसंतीचा काळ अर्धा तास असेल, तर त्या अर्ध्या तासात झोप लागेल अशा बेताने प्रोसेसर काढण्याची वेळ ठरवावी. प्रोसेसर लावून झोपणे काहींना जमते, मात्र कुशीवर झोपल्याने त्वचेवर दाब येतो, बॅटरी चार्ज करण्याचा आणि यंत्र सुकवण्याचा प्रश्न राहतो, म्हणून ते श्रवणतज्ज्ञांना विचारूनच करावे. नवीन प्रोसेसर घेतलेल्यांकडे जुना पडून असतो. तो इम्प्लांटशी जुळणारा आणि चालू स्थितीत असेल, तर त्यावर कमी पातळ्यांचा रात्रीचा मॅप घालून घेता येतो.

रात्रीच्या त्रासाची एक बाजू आवाजाची नसून भीतीची असते. दार वाजले तर, बाळ रडले तर, गजर झाला तर कळणार कसे, या काळजीने माणूस जागा राहतो आणि जाग्या माणसाला कर्णनाद अधिक ऐकू येतो. उशीखाली ठेवायचे थरथरणारे गजराचे घड्याळ, दाराच्या घंटीला जोडलेला दिवा आणि ‘रात्री मी उठवीन’ असे घरातल्या एकाने दिलेले वचन या तीन गोष्टींनी ही काळजी पुष्कळ हलकी होते. रोज ठरलेल्या वेळी उठणे, दुपारी लांब झोप न काढणे आणि संध्याकाळनंतरचा चहा टाळणे हे नेहमीचे नियम इथेही लागू आहेत.

समुपदेशन

कर्णनादाच्या त्रासावर सर्वांत भक्कम पुरावा ज्या उपचाराला आहे, तो म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. तिच्याने आवाज नाहीसा होत नाही, पण ‘हा आवाज मला वेडा करील’, ‘माझे इम्प्लांट वाया गेले’ अशा विचारांची पकड सुटते आणि छळाचा आकडा खाली येतो. इम्प्लांट असलेल्या माणसासाठी मानसोपचारतज्ज्ञाने सत्र थोडे बदलून घ्यावे लागते : खोली शांत हवी, चेहऱ्यावर उजेड हवा, एका वेळी एकानेच बोलावे, मुख्य मुद्दे लिहून द्यावेत आणि बोललेले मोबाइलवर मराठीत उमटवणारे ॲप समोर ठेवावे. डोळे मिटून सूचना ऐकण्याचे शिथिलीकरण इथे चालत नाही, कारण ओठ दिसेनासे झाले की निम्मे शब्द हरवतात. सूचना आधी शिकवून मग मूकपणे करून घ्याव्यात.

औषधे आणि टाळायचे उपचार

कर्णनाद घालवणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली दिलेल्या मार्गदर्शनात गिंको, मेलाटोनिन आणि झिंक यांची शिफारस करू नये असे म्हटले आहे, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2020 साली केवळ कर्णनादासाठी बीटाहिस्टीन देऊ नये असे सांगितले आहे. आपल्याकडे या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिलेल्या दिसतात, म्हणून ‘हे औषध नेमके कशासाठी?’ असे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. नैराश्य, फिट किंवा रक्तदाब यांसाठी चालू असलेले औषध मात्र स्वतःहून कधीही थांबवू नये.

कानात कोमट तेल, लसणाचे तेल किंवा कांद्याचा रस घालू नये. कर्णनादाचे मूळ तिथे नाही, उलट कानात बुरशी होण्याचा धोका वाढतो. याहून गंभीर इशारा विजेच्या आणि चुंबकाच्या उपचारांविषयीचा आहे. कर्णनादासाठी काही ठिकाणी दिले जाणारे डोक्यावरचे चुंबकीय उद्दीपन, म्हणजे आरटीएमएस, इम्प्लांट असलेल्यांनी घेऊ नये. मानदुखीसाठी फिजिओथेरपीत वापरली जाणारी शॉर्टवेव्ह डायथर्मी डोक्या-मानेजवळ घेऊ नये. एमआरआय काढायचा असेल, तर इम्प्लांटचे मॉडेल लिहिलेले कार्ड दाखवून त्या मॉडेलसाठी ठरलेल्या अटींनुसारच तो काढावा. ते कार्ड पाकिटात आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा.

मुलांच्या बाबतीत

जन्मतः बहिऱ्या मुलालाही कर्णनाद असू शकतो, पण ते तक्रार करत नाही, कारण सगळ्यांनाच असे ऐकू येते असे त्याला वाटते. प्रोसेसर काढल्यावर कान दाबून धरणे, झोपायला टाळाटाळ करणे, प्रोसेसर काढू न देणे, वर्गात कारणाशिवाय चिडणे या खुणा आईवडिलांनी आणि शिक्षकांनी लक्षात घ्याव्यात. ‘कानात आवाज येतो का?’ असे सुचवणारे प्रश्न वारंवार विचारू नयेत. ‘मशीन काढल्यावर काय होतं, चित्र काढून दाखवशील?’ असे एकदा विचारावे. मूल हो म्हणाले तर घाबरून न जाता, हा मेंदूने केलेला आवाज आहे आणि त्याने काही इजा होत नाही, असे त्याला सांगावे. लहान मुलांना प्रोसेसर लावून झोपवू नये, कारण सुटी झालेली छोटी बॅटरी गिळली गेल्यास जीवावर बेतू शकते.

पुन्हा मोजताना

उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली, तेच चार प्रसंग आणि तेच दोन आकडे पुन्हा घ्यावेत, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. मोठेपणाचा आकडा हलला नाही पण छळाचा आकडा 7 वरून 4 वर आला, तर उपचार लागू पडत आहे आणि तो तसाच पुढे चालू ठेवावा. दोन्ही आकडे जागच्या जागी असतील, तर आधी वापराचे तास आणि झोपेच्या नोंदी पाहाव्यात, मग मॅपिंग, आणि त्यानंतर समुपदेशनाची वारंवारता. प्रोसेसर लावलेला असतानाचे आकडे घटले आणि काढल्यावरचे तेवढेच राहिले, तर पुढच्या तीन महिन्यांचे काम रात्रीपुरते आखावे, आणि मॅपिंगला येताना दोन आठवड्यांची वही बरोबर आणायला रुग्णाला लिहून द्यावे.